रोवेनाचा नंबर लागला

जहाजाच्या सहलीला आणखी चार दिवस जोडून जी मंडळी आमच्या अलास्कात आत येतात, त्यांच्या छापील कार्यक्रमात 'निवांत' हा शब्द फार. निवांत न्याहारी, निवांत निसर्गदर्शन. आणि हे निवांतपण ज्या बाईच्या हाती सोपवलंय ती रोवेना लिंडक्विस्ट जन्मात कधी निवांत बसलेली नाही. बस चालवते म्हणून बसते, एवढंच. दोन मिनिटं थांबायची वेळ आली की उतरून काचा पुसते.

मी त्याच बसमध्ये खाण्याचे डबे वाटतो, त्यामुळे तिची धुसफुस पहिल्या हप्त्यात माझ्यापर्यंत येते.

सप्टेंबरात टेकड्यांच्या माथ्यावर पहिलं बर्फ भुरभुरलं की आमच्या गावाला घोर लागतो. हंगाम संपला, पगार संपला, आता फ्रीजरमध्ये काय आहे? रोवेनाच्या फ्रीजरमध्ये मासे होते, ब्लूबेरी होत्या, मांस नव्हतं. नवरा ऑर्विल शिकारीला जाऊन आला होता. तंबूत झोप छान लागली, म्हणाला. आता भिस्त एकाच गोष्टीवर होती. गाडीच्या धडकेने मूस, म्हणजे आमच्याकडचं घोड्याहून थोराड हरीण, मेला की पोलीस मांसासाठी नाव दिलेल्यांना क्रमाने फोन करतात. अर्ध्या तासात येऊन अख्खं जनावर उचलायचं, नाहीतर पुढच्याला फोन. एक मूस म्हणजे एका घराचा हिवाळा.

त्या दिवशी मंडळी तळ्यावरचे हंस बघत असताना हवालदार ब्रँडवोल्डचा फोन आला. "रोवेनाताई, नंबर लागला तुमचा. पुलापलीकडे. मादी आहे, चांगली भरलेली."

रोवेनाने लगेच घरी फोन लावला. "काय करतोयस?"

"बसलोय."

"ऊठ! ट्रेलर जोड आणि पुलावर ये!"

पूल आमच्या वाटेवरच होता. "मंडळी," रोवेना ओरडली, "मूस जवळून बघायचाय?" सगळे हंसांना सोडून धावले. "फक्त तो हलणार नाही."

"मग फोटो तरी नीट येईल," ओहायोच्या पोमरॉय आजी म्हणाल्या.

आम्ही पोचलो तेव्हा ब्रँडवोल्ड घड्याळ बघत होता. रोवेना मूसभोवती फेऱ्या घालू लागली. वेळ संपता संपता ऑर्विलचा ट्रक डुलत डुलत आला.

"चरखी कुठाय ओढायची?" रोवेनाने विचारलं.

"ती होय? भावाकडे राहिली वाटतं."

"ताई, मला रस्ता मोकळा करायचाय," ब्रँडवोल्ड ओशाळून म्हणाला. "पुढचा माणूस तयार आहे."

रोवेनाचा चेहरा बघवेना. तेवढ्यात पोमरॉय आजींनी पर्स माझ्या हातात कोंबली. "आठवडाभर जहाजावर नुसतं चारलंय आम्हाला. दोरी आहे ना? द्या इकडे!"

तीस-बत्तीस निवृत्त माणसांनी दोरी धरली. नव्या गुडघ्याचे पोमरॉय आजोबा "हं! आता!" करत बाजूला उभे. कुणी घसरलं, कुणाची टोपी चिखलात गेली, आणि शेवटी हवालदारही दोरीला लागला. मूस फळ्यांवरून ट्रेलरवर चढला.

"जातो," ऑर्विल म्हणाला. "चहा घेतो नि मग सोलायला घेतो."

"आज ऊन आहे! आधी सोल! गरम राहिलं तर नासेल सगळं!"

"हो गं."

हा 'हो गं' मी वीस वर्षं ऐकतोय. रोवेना तर त्याहून जास्त.

उरलं होतं शेवटचं ठिकाण, डेनाली पर्वताचं दर्शन. पर्वत ढगात असला की मंडळी हळहळतात आणि पाच मिनिटांत बसमध्ये येतात. अख्खा उन्हाळा रोवेनाने ढग हटावेत म्हणून विनवण्या केल्या होत्या. आज ती म्हणत होती, राहू दे रे बाबा ढग. वळण घेतलं तर पर्वत पायथ्यापासून शेंड्यापर्यंत उघडा! पर्वत दिसला तर मंडळींचं मन भरेपर्यंत थांबायचं, असा आमच्याकडे नियम. मंडळी बाकांवर टेकली. कुणी उठेना.

रोवेना पर्वताकडे पाठ करून फोनवर. "कातडं निघालं? नाही? मग करतोयस काय? दुसरा कप?"

पोमरॉय आजी बाकावरून उठल्या. "आण गं तो फोन." आणि शाळेत पोरं वठणीवर आणायच्या आवाजात म्हणाल्या, "ऑर्विल, दोरी ओढलेली बाई बोलतेय. माझे खांदे दुखतायत. सुरी घे."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला.