दोर, नवरदेव आणि आमची जपानी गाडी

आमच्या जपानी गाडीमुळे माझ्या धाकट्या दिराचं लग्न मोडता मोडता राहिलं, असं सासरी अजूनही सांगतात. हे साफ खोटं आहे. गाडीने काहीही केलं नव्हतं.

ही गाडी माझ्या भावाने कुवेतची नोकरी सोडून येताना आणली, आणि इथे मन न रमल्यामुळे तो परत गेला तेव्हा ती माझ्या गळ्यात पडली. मी शाळेत मास्तरीण, आमचे हे जिल्हा परिषदेत कारकून. ह्यांना सायकलसुद्धा धड वळवता येत नसे, म्हणून चालवायला मीच शिकले. गाडीचं स्टिअरिंग डावीकडे! त्यामुळे उजवीकडे बसून हे शांतपणे पेपर वाचायचे आणि नाशिकच्या रविवार कारंजावरचे लोक, हा माणूस पेपर वाचत गाडी चालवतोय म्हणून, दोन्ही बाजूंना पांगायचे.

गाडी मात्र खणखणीत. किल्ली फिरवली की सुरू. थंडीत सुरू, पावसात सुरू. आमच्या ह्यांचे मामा, यशवंतमामा, यांना नेमकं हेच खुपायचं. मामांकडे पांढरी गोलमटोल देशी मोटार होती आणि रोज सकाळी ती ढकलायला अर्धी कॉलनी लागायची.

"सूनबाई, जपानी वस्तू म्हणजे रेडिओ," मामा म्हणायचे. "बिघडला की टाकून द्यायचा. सुटा भाग लागला तर काय टोकियोला जाणार?"

"लागला तर ना, मामा!"

"आमची गाडी कुठेही दुरुस्त होते."

"होते कसली, रोज कुठे ना कुठे होतच असते!"

(सुनेने मामेसासऱ्यांशी असं बोलू नये, हे मला मान्य आहे. पण ते आधी माझ्या गाडीला बोलले होते.)

आणि मग दीर सुधाकर याचं लग्न ठरलं. मुलगी सटाण्याची. वऱ्हाड एसटीने पुढे जाणार आणि नवरदेव मोटारीने. मला वाटलं, आता आपला मान! तर सासूबाई म्हणाल्या, "नवरदेव मामाच्याच गाडीत बसेल. ती भरवशाची आहे. तू साड्यांची गाठोडी घेऊन मागून ये."

साड्या! जपानी गाडीला साड्या! मी रागारागाने आख्खी गाडी सजवली. बॉनेटवरच्या दोन्ही आरशांना झेंडूच्या माळा गुंडाळल्या, मागच्या काचेवर नवरानवरीच्या नावांचा हा एवढा पुठ्ठा लावला. मागचं काही दिसेना. पण आपल्याला मागे बघायचंच कशाला? आपली गाडी पुढे जाणारी!

देवळ्याच्या अलीकडे, भावडबारीचा घाट सुरू व्हायच्या आधी, मामांची मोटार फुस्स करून थांबली. बॉनेटमधून वाफ निघत होती. मामा उतरले आणि आभाळाकडे बघत म्हणाले, "जराशी तापलीय."

आमचे हे पेपराची घडी करत म्हणाले, "सुधाकर आणि आईला आपल्या गाडीत घेऊ. विषय संपला."

आयुष्यात ह्यांनी दिलेला हा सगळ्यात शहाणपणाचा सल्ला होता. पण तेवढ्यात मामा पुटपुटले, "नाहीतर ओढून नेली असती. पण या डबीला कुठलं झेपायला!"

डबी!

"दोर आणा!" मी म्हटलं.

"अगं शालू, आपल्यात मुहूर्त नसला तरी वेळ..."

"एक अक्षर बोलू नका! नवरदेव मामांच्याच गाडीतून उतरेल. पण त्या गाडीला माझी गाडी ओढेल. अख्ख्या सटाण्याला दिसलं पाहिजे!"

शेजारच्या मळ्यातून दोर आला. दोन्ही गाड्या बांधल्या. मागे मामा स्टिअरिंगवर, शेजारी सासूबाई, पाठीमागे पांढऱ्या सफारी सुटात नवरदेव. मी हळूच क्लच सोडला. गाडीला एक हिसका बसला, दुसरा बसला आणि मग काय सांगू, गाडी घाटात अशी उडाली की बस्स!

"बघितलंत?" मी ह्यांना म्हटलं. "एवढा चढ, मागे एवढं धूड, पण ओझं जाणवतंय का?"

"अजिबात नाही," हे म्हणाले. "मघाशी जाणवत होतं."

"मघाशी इंजिन थंड होतं!"

सटाण्यात शिरताच बँड वाजू लागला. मी मांडवासमोरून एक मुद्दाम चक्कर मारली आणि झोकात थांबले. जयभीम झाला. नवरीचे काका पुढे आले, गाडीवरून हात फिरवला, आत डोकावले, परत डोकावले.

"गाडी त झकास शे, ताई. पन नवरदेव कोठे शे?"

"मागच्या गाडीत!" मी ऐटीत म्हटलं.

सगळा सटाणा मागे बघू लागला. मीही उतरून बघितलं. आमच्या गाडीला दोर होता. दोराला गाडी नव्हती.

बँड एकेक वाद्य करत थांबला. नवरीच्या आईने पदर डोळ्याला लावला. मांडवातून कुणीतरी ओरडलं, "पोऱ्या पळना का काय?"

"पळाला नाही!" मी ओरडले. "सुटला!"

हा खुलासा करायला नको होता. एकदम गलका झाला. मी गाडीत उडी मारली आणि परत देवळ्याकडे सुसाट सुटले. (हे मांडवातच राहिले. ओलीस म्हणून.)

गावाबाहेर थोड्याच अंतरावर समोरून कांद्याचा ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत गोण्यांच्या राशीवर सुधाकर उभा होता, सफारी तांबडी झालेली, टोपीत कांद्याची सालं. शेजारच्या गोणीवर सासूबाई बसल्या होत्या. मामा तिकडेच आपल्या मोटारीच्या राखणीला.

सुधाकर टोपी झटकत माझ्या गाडीत येऊन बसला. मी सासूबाईंसाठी दार उघडलं. "या ना, आई."

"नको गं बाई," त्या गोणी घट्ट धरून म्हणाल्या. "ट्रॅक्टर बरा. तो मागे वळून तरी बघतो."

मग सटाण्यात दुसऱ्यांदा बँड वाजला. पुढे कांदे, कांद्यांवर सासूबाई, मागे मी, ट्रॅक्टरच्या वेगाने. वंदना झाली, लग्न लागलं. नवरीकडच्या बायका नवरदेवाच्या जवळून गेल्या की डोळे पुसत होत्या, आणि त्या कांद्याने रडतात की आनंदाने हे कुणी विचारलं नाही.

गाडी पुढे कितीतरी वर्षं चालली, आणि एकदाही रस्त्यात अडली नाही. तरी सासरी तिचं नाव निघालं की सगळे हसतात. हसू देत! मी आजही कुणापुढेही छातीठोकपणे सांगेन: त्या गाडीत बिघडण्यासारखा एकच भाग होता. तो जपानहून आला नव्हता, नाशिकचाच होता, आणि डावीकडे स्टिअरिंग धरून बसला होता.