उणे अठरातलं व्याख्यान

कुंदाताई नाव विचारायच्या आधी कॉलर उलटून पाहायच्या. मी नागपूरहून कॅनडातल्या किचनरला समाजशास्त्र शिकायला आले, त्या पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या जॅकेटचं लेबल वाचलं आणि ओरडल्या, "व्हिएतनाम! अगं, तुझ्यापेक्षा तुझं जॅकेट जास्त फिरलंय!" अख्खा कॉरिडॉर वळून बघायला लागला.

त्या मूळच्या साताऱ्याच्या. जागतिकीकरण हा त्यांचा विषय. आठ वर्षं युनिव्हर्सिटीत काँट्रॅक्टवर तोच शिकवत होत्या. "काही पंडित म्हणतात, सगळं जग एकाच साच्यातून निघणार. काही म्हणतात, प्रत्येक गाव बाहेरून आलेलं आपल्या पद्धतीनं पचवतं. दोघांचंही ऐकायचं. पण जग जवळ आलं असं कुणी म्हणालं ना, की विचारायचं, कुणाच्या जवळ?"

२०१७च्या हिवाळ्यात कायमच्या जागेसाठी त्यांचं निवडीचं व्याख्यान ठरलं. ही जागा हुकली तर काँट्रॅक्टही संपणार होतं. समितीचे अध्यक्ष एक वयस्कर प्राध्यापक. फोन आणि विमानांमुळे आता अंतर उरलेलंच नाही, हा त्यांचा लाडका सिद्धांत. ताईंनी नेमका त्यालाच हात घातला, आणि दहाव्या मिनिटाला फायर अलार्म वाजला. कुणीतरी मायक्रोवेव्हमध्ये पॉपकॉर्न जाळले होते.

आम्ही सगळे उणे अठरा अंशांत बाहेर. अध्यक्षांचा कोट आत राहिलेला. बिचारे कुडकुडत होते. साफसफाई करणाऱ्या फिलिपिन्सच्या मारिबेलनं आपली गुलाबी शाल त्यांच्या खांद्यावर टाकली. ती ताईंची रोजची चहाची मैत्रीण.

"चल, पुढे सुरू करू," ताई मला म्हणाल्या.

"ताई, स्लाइड्स आत आहेत!"

"असू देत. माणसं बाहेर आहेत ना!"

आणि बर्फाच्या ढिगाऱ्यावर चढून त्यांनी व्याख्यान पुढे चालू केलं! बोलता बोलता थांबल्या. "मारिबेल, तुझ्या लेकीबद्दल यांना सांगशील?"

मारिबेल आधी लाजली. मग म्हणाली, "रोज फोनवर तिचा अभ्यास घेते. ती दात घासते, तेही बघते. पण सहा वर्षांत तिची वेणी घातली नाही."

अध्यक्षांनी गुलाबी शाल घट्ट लपेटून घेतली. मग हळूच म्हणाले, "म्हणजे मला माझ्या पुस्तकाचं एक प्रकरण पुन्हा लिहावं लागणार."

"एकच?" ताईंनी विचारलं.

सगळे खो खो हसत सुटले, अध्यक्ष सगळ्यांत मोठ्यानं. अलार्म बंद झाला तरी कुणी आत जाईना.

आठवड्यानं नेमणुकीचं पत्र आलं. मी पार्टटाइम काम करायची त्या ग्रोसरी स्टोअरमध्ये ताई धावत आल्या, बटाट्यांच्या राशीपाशी माझे हात धरले आणि चक्क फुगडी सुरू केली.

"ताई, माझी मॅनेजर बघतेय!"

"मग तिलाही बोलाव!"

पंजाबी मॅनेजरबाई डोळे वटारत आल्या, क्षणभर थबकल्या आणि किंचाळल्या, "अरे, ये तो हमारी किकली है!" ॲप्रन काढून त्यांनी माझी जागाच घेतली. दोघी पन्नाशीच्या बाया, गरागरा! गिऱ्हाइकं ट्रॉल्या सोडून टाळ्या वाजवत होती.

धापा टाकत ताई मला ओरडल्या, "बघतेस काय नुसती? लिहून घे!"

कागद नव्हता. बटाट्याच्या रिकाम्या पिशवीवर मी लिहिलं, 'फुगडीला पंजाबात किकली म्हणतात.' माझ्या प्रबंधाचं पहिलं वाक्य तेच आहे.