कटंगी ते वारासिवनी रस्त्यावरचा जळका वास

डिसेंबरातल्या एका शनिवारी आम्ही बालाघाटहून कटंगीला निघालो, ते माझ्या नोकरीची परवानगी मागायला. जबलपूरच्या एका कारखान्यातून मला पत्र आलं होतं. विजेच्या कामाची पदविका हातात होती, बाबांची हरकत नव्हती. पण बाबांचे कटंगीला राहणारे थोरले भाऊ, आमचे काकाजी, 'हौ' म्हटल्याशिवाय आमच्याकडे मुलगी दुसऱ्या गावी राहायला जात नाही. बाबा कोर्टात वकिली करतात, घरात मात्र तारीख काकाजीच देतात.

गाडी बाबांनी गेल्या वर्षी घेतलेली, चौथ्या मालकाची. तिचा हॉर्न बंद होता. निघण्याच्या आदल्या दिवशी मी त्याची वायर बदलली. नवी मिळाली नाही म्हणून जुनीच, सुती आवरणाची, पण चांगल्या अवस्थेतली बसवली. बाबांनी हे सगळ्या गल्लीला हॉर्न वाजवूनच कळवलं.

ज्यांना या रस्त्याने जायचं असेल त्यांच्यासाठी: अंतर तीसेक मैल. पेट्रोल बालाघाटलाच भरून घ्या. वैनगंगा ओलांडली की वारासिवनीपर्यंत रस्ता बरा आहे. पुढे बैलगाड्यांच्या चाकोऱ्या आहेत आणि सध्या धानाच्या गाड्यांची गर्दी. त्यांना हॉर्न ऐकू जातो, पण पटत नाही. आम्हाला अडीच तास लागले. वारासिवनीला चहासाठी थांबलो, तो वेळ धरून.

रात्री तांदळाची भाकर, लाखोरीच्या डाळीचं वरण आणि ठेचा. जेवण होईपर्यंत बाबांनी विषय काढला नाही. मग काढला. काकाजींनी माझ्याकडे पाहिलं.

"हॉर्न तूच दुरुस्त केला म्हणते तुहा बाप."

"हो."

"मले उद्या बालाघाटले यायचंच आहे. तुही वायर घरापावतर टिकली, त मंग जबलपूरचं बोलू."

आईने माझ्या ताटात आणखी एक भाकर वाढली. मला नको होती. मी खाल्ली.

रविवारी सकाळी साडेसहाला निघालो. शेतांवर धुकं होतं. मी रोज इंजिनचं पाणी आणि तेल पाहते. त्या दिवशी पाहिलं नाही. काकाजी म्हणाले, "बैलाईले पाजलं तवाच तुमच्या गाडीलेही पाजलं." मी विश्वास ठेवला. चूक माझी, म्हणून इथे नोंदवते.

तिसऱ्या मैलाच्या दगडापाशी वास आला.

"कोणीतरी शेतात धानाचं तणस पेटवलं असेल," बाबा म्हणाले.

मी काचा वर करायला सांगितल्या. वास वाढला. म्हणजे शेतातला नव्हता.

"डब्यातलं काही लागलं का गं?" आईने मांडीवरचा डबा हुंगला. त्यात अनारसे होते.

काकाजी पुढच्या सीटवर ताठ बसले होते. "कपडा जळून राह्यला," ते म्हणाले. "सुती."

मलाही तेच वाटत होतं. रबराचा वास उग्र असतो, क्लचचा कडवट, तेलाचा जड. हा यांपैकी नव्हता. आणि माझ्या माहितीप्रमाणे त्या गाडीत पुढच्या बाजूला सुती अशी एकच गोष्ट होती.

"गाडी थांबवा, बाबा. इंजिन बंद करा. बॉनेट कोणी उघडू नका."

आधी चाकं पाहिली, कारण बाबा हँडब्रेक अर्धा ओढूनच गाडी चालवतात. चारही थंड. मग सीटखालच्या बॅटरीची तार सोडवली. बॉनेटच्या फटीतून पांढरट धूर येत होता. तो थोडा कमी झाल्यावर मी बॉनेट बोटभर उचललं, मग पूर्ण.

इंजिनवर, मागच्या बाजूला, नीट घडी करून, धानाचं सुती पोतं पांघरलेलं होतं. एक टोक धुराच्या नळीला टेकून काळं झालं होतं आणि कडेने लाल रेघ सरकत होती.

जॅकच्या दांड्याने मी ते ओढून रस्त्यावर टाकलं आणि सुरईतलं पाणी ओतलं. आईने वाकून पाहिलं. "अहो, हे तर आपल्या गोठ्यातलं!"

मग काकाजींनी घसा साफ केला.

"थंडी लय होती न रातच्याले. बैलाईच्या अंगावर टाकलं. हे बी बिचारं आंगणात उभं होतं."

"अन् सकाळी काढलं काहून नाही, दादा?" बाबांनी विचारलं. उलटतपासणीत ते असाच आवाज काढतात.

"ऊन पडाच्या आधी कोणी झूल काढते काय? वकिली करून करून इसरला तू."

एक सायकलवाला पाय टेकून उभा राहिला होता. "क्यों दादा," तो म्हणाला, "इंजन को चारा भी डाला था क्या?"

"तू आपल्या रस्त्यानं जाय!" काकाजी ओरडले.

मला हसू आलं होतं, पण वायर पाहायची बाकी होती. ती बॉनेटच्या कडेने हॉर्नपर्यंत बोटांनी चाचपत गेले. सगळीकडे थंड, आवरण शाबूत. काकाजी शेजारी येऊन उभे होते.

"तुही वायर?"

"थंड आहे."

त्यांनी स्वतः हात लावून पाहिला. मी बॅटरी जोडली, त्यांनी आत हात घालून हॉर्न दाबला. रस्त्याकडेचे बगळे उडाले.

"हौ," ते म्हणाले. एवढंच. वारासिवनीला त्यांच्याकडून सगळ्यांना चहा आणि मला दोन भजी जास्त.

बालाघाटला आम्ही साडेदहाला पोहोचलो. हा प्रवास करणाऱ्यांना माझा सल्ला एकच: मुक्कामाच्या घरी गोठा असेल तर सकाळी बॉनेट स्वतः उघडून पाहा.

गाडीतला वास दहा दिवस टिकला. अकराव्या दिवशी कटंगीच्या बसने एक गाठोडं आलं. आत नवी, जाड गोधडी होती, आणि काकाजींनी कोणाकडून तरी लिहून घेतलेली चिठ्ठी: 'जबलपूरले इकडच्यापेक्षा जास्त थंडी असते. ही तुह्यासाठी आहे. मशीनवर टाकू नको.'