सिमेंटच्या तराजूतल्या चार मिरच्या

वाशीमच्या बाहेर शिल्पांची बाग झाली आहे आणि तिच्यात माझ्या आईचा पुतळा आहे, हे कळल्यापासून माझे पाय जमिनीवर नव्हते. मागच्या वर्षी एक शिल्पकार रिसोडच्या आठवडी बाजारात आईसमोर बसून तिची चित्रं काढत असे. आमची भाजीची बागायत. आईचा जन्म बाजारात तराजू धरण्यात गेला. "मावशी, तुम्हाला सिमेंटमध्ये घडवतो," तो म्हणाला होता. आईने त्याला वांगी दिली आणि विसरून गेली. मी विसरले नव्हते.

रविवारी पहिल्याच एसटीने आम्ही दोघी निघालो. आईने ठेवणीतलं पातळ नेसलं होतं आणि पिशवीत भाकरी, कांदा नि हिरव्या मिरच्या घेतल्या होत्या.

बागेत शिरताच पुतळ्यांच्या आधी जाळीमागचे जिवंत प्राणी लागतात, सगळे आपल्याच रानातले: रोही म्हणजे नीलगाय, चितळ, कोल्हा, सायाळ. चाळिशी आली तरी मी जाळीला नाक लावून उभी. सायाळीने काटे फुलवले तेव्हा मी टाळीच वाजवली. आई फक्त रोह्यासमोर थांबली.

"आपल्या वांग्यात घुसते तवा फुकट, अन् इथं याले पाह्याले तिकीट," म्हणाली आणि भराभर पुढे निघाली. घाई तिलाही होती, कबूल करणार नव्हती एवढंच.

मग पुतळे सुरू झाले: लोहार, कापूस वेचणारी, आणि मग तराजू धरून बसलेली आई! तोच कमरेला खोचलेला पदर, तेच हनुवटीवरचं गोंदण. मी मोबाईल काढला. "माय, बस तिच्याजवळ. फोटो काढते."

आई बसेना. "हे मी नाही."

"काहून?"

"पारडे पाह्य. दोन्ही सारखे. म्या कधी असं मापलं काय?"

खरंच होतं. आईचं भाजीचं पारडं नेहमी खाली झुकलेलं, आणि शिवाय वरतून चार मिरच्या. पण मला रागच आला. इतक्या हौसेने आणलं, आणि हिचं काय तर पारडं!

"सिमेंट आहे ते, माय. कोन पाह्यते?"

"मी पाहून राह्यली ना. अन् मी गेल्यावर बी हे इथंच बसून राहीन. लोक म्हनतीन, बाई चिकट होती."

आईने पिशवीतून चार मिरच्या काढल्या आणि भाजीच्या पारड्यात ठेवल्या.

तेवढ्यात बागेचा राखणदार आला. "ओ माय, पुतळ्यावर काही ठेवू नका."

"हे माहं दुकान हाय," आई म्हणाली.

त्याने आईच्या हनुवटीकडे पाहिलं, मग पुतळ्याच्या. त्याच्या हातात जेवणाचा डबा होता. जरा घुटमळून तो म्हणाला, "मंग भाकरीसंग एखादी मिरची घेऊ काय?"

"दोन घे."

त्याने दोन घेतल्या. आईने पिशवीतून आणखी दोन काढून पारड्यात टाकल्या. माझा राग कधीच गेला होता. डोळे भरून आले होते आणि हसूही आवरत नव्हतं. आई पुतळ्याशेजारी बसली, पदर कमरेला खोचला आणि म्हणाली, "आता काढ फोटो."