उसाच्या फडात पोचलेला भूगोल

आमच्या शाळेतल्या भूगोलाच्या बाईंना यंत्रं घाबरतात, हे मी कुणालाही शपथेवर सांगायला तयार आहे. ताडकळसजवळच्या आमच्या शाळेत मुख्याध्यापकांनी कितीही आर्जवं केली तरी डोळा न उघडणारा संगणक, बाई नुसत्या समोर खुर्ची ओढून बसल्या की गुरगुरत जागा व्हायचा. नाहीच झाला, तर बाई चष्म्यावरून त्याच्याकडं बघत म्हणायच्या, "खामखा परेशान करू नको. मागं प्रश्नपत्रिका काढतानाबी तू असंच केलंस. मी इसरले न्हाई." आणि तो खरोखर ओशाळल्यासारखा सुरू व्हायचा.

नोकरीतल्या शिक्षकांसाठी शैक्षणिक तंत्रज्ञानाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम परभणीला सुरू झाला, तेव्हा मी बढतीवर डोळा ठेवून नाव घातलं. बाईंची निवृत्ती तोंडावर आलेली. त्यांना त्या पदवीचा काडीचा उपयोग नव्हता, तरी माझ्या मागोमाग त्यांचंही नाव लागलं. "बाई, या वयात कशाला?" मुख्याध्यापकांनी विचारलं. "पोरांच्या आधी शिकायचं आन् मग शिकवायचं, हेच करत आले की मी," बाई म्हणाल्या. "पोरं आता मोबाइलात गेलीत. मलाबी जावं लागंल."

आणि बाई मोबाइलात गेल्या, त्या सहकुटुंब मुक्कामाला गेल्यासारख्या. पासवर्ड म्हणून त्या गोदावरीच्या खोऱ्यातल्या नद्यांची नावं ठेवत, आणि गुप्तता राखायची म्हणून दर पंधरवड्याला नदी बदलत. नदी बदलली की स्टाफरूमच्या दारात उभं राहून सगळ्यांना सांगत, "आजपासून दुधना हाय बरं का, पूर्णा टाकू नका." ऑनलाइन तास असला की त्या गच्चीवर बाज टाकून बसत, कारण रेंज तिथंच. पडद्यावर प्राध्यापक दिसले की मात्र शिस्तीनं उठून उभ्या राहत, आणि सर "बसा" म्हणेपर्यंत सगळ्या वर्गाला त्यांच्या साडीच्या निऱ्याच दिसत. प्राध्यापक तरुण होते, बाईंच्या लेकापेक्षाही लहान. एकदा ते कृत्रिम बुद्धिमत्तेवर फार भरभर बोलायला लागले, तर बाई कळवळून म्हणाल्या, "बाळा, जरा दमानं!" मग जीभ चावून, "म्हणजे, सर." त्या दिवसापासून ते खरोखर दमानं शिकवायला लागले, आणि आम्हा सगळ्यांना पहिल्यांदाच काहीतरी समजू लागलं. मी तर बाईंकडं बघतच राहिलो. काही समजलं नाही हे सांगायला जे धाडस लागतं, ते आमच्यापैकी कुणाकडंच नव्हतं.

शेवटच्या सत्रात प्रकल्प आला. एक डिजिटल पाठ तयार करायचा, मुलांवर वापरायचा आणि परीक्षकांपुढं मांडायचा. मी पडद्यावर अक्षरं गरगर फिरवत आणणारा व्हिडिओ केला. त्याच सुमारास बाईंच्या सातवीचा वर्ग निम्मा रिकामा झाला. दिवाळी झाली की आमच्याकडची कितीतरी घरं ऊसतोडीला जातात, पोरंही सोबत जातात, आणि परत आल्यावर त्यातली काही शाळेची पायरी चढत नाहीत. शीतल नावाची एक हुशार पोर निघाली, तेव्हा बाई स्टँडवर जाऊन तिच्या बापाला भिडल्या. "पोरीला ठेवा हितं."

"ठेवलं असतं बाई, पर बारक्याला कोण बघंल फडात?" तो म्हणाला. त्याच्याकडं फुटक्या काचेचा फोन होता. बाईंनी तो हातात घेऊन उलटासुलटा केला. "ह्याच्यात आवाज तरी येतो का?"

"आवाज येतो की."

तेवढ्यावर बाईंनी प्रकल्प बदलला. चित्र नाही, पडदा नाही, व्हिडिओ नाही. रोज बाईंच्या आवाजातला लहानसा पाठ, शेवटी एक प्रश्न घालून, त्या फोनवर जाऊ लागला. हळूहळू त्याच टोळीतली आणखी पोरंही ऐकायला बसू लागली. मी म्हणालो, "बाई, नियमात बसणार नाही हे. नापास कराल स्वतःला." "मी हुईन की नापास," बाई शांतपणे म्हणाल्या. "मी तर चाललेच हाय घरी. ती पोर आत्ता कुठं निघालीय."

तोंडी परीक्षेला बाहेरून परीक्षक आले होते. बाईंचं ऐकून घेऊन त्यांनी विचारलं, "पण बाई, यात तंत्रज्ञान कुठे आहे?" बाईंनी फोनवर आलेलं शीतलचं उत्तर लावलं. आधी कोयत्यांचा सपासप आवाज आला, मग कडेवरच्या पोराची किरकिर, मग ती: "बाई, हितली नदी उगवतीकडं जायलीय. मी पाला टाकून बघितला. माय म्हणायलीय, आपलं गावबी तिकडंच हाय."

परीक्षक म्हणाले, "परत लावा." बाईंनी परत लावलं. दृश्य साधनांच्या रकान्यात त्यांना शून्यच द्यावं लागलं, आणि ते देताना परीक्षक ओशाळले. बाईंनीच त्यांची समजूत काढली, "बरोबर हाय साहेब. बघण्यासारखं काय न्हाईच त्यात." कशाबशा पास झाल्या. गुढीपाडव्यानंतर शीतल परत आली आणि कुणी बोलवायच्या आधीच वर्गात येऊन बसली. पेढे बाईंनी त्या दिवशी वाटले, निकालाच्या दिवशी नाही.

आता बाई निवृत्त होऊन मानवतला असतात. मध्यंतरी स्वरयंत्रावर गाठ निघाली. ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण आवाज गेला तो गेलाच. तोंडाजवळ कान नेला तर कुजबुज ऐकू येते. त्यांचे ते पाठ मात्र दर हंगामाला माझ्या फोनवरून फडात जातात. परवा भेटायला गेलो तेव्हा त्यांनी खुणेनं विचारलं, सध्या कुठला पाठ चाललाय? मी लावला. "दुपारी काठी रोवली का?" फोनमधल्या बाई खणखणीत आवाजात म्हणाल्या. "थंडीच्या दिवसात सावली कुठल्या अंगाला पडली? सांग बरं." पुढं पोरांना उत्तर द्यायला थोडी जागा सोडलेली होती. त्या शांततेत बाईंचे ओठ हलले. मला ऐकू आलं नाही, पण "उत्तरेला" म्हणाल्या असणार.

"शाब्बास!" फोन म्हणाला. बाईंनी पदर डोळ्यांना लावला, आणि लहान मुलीसारख्या हसल्या.