दहापैकी पाच

मणक्याचं ऑपरेशन होऊन दोन वर्षं झाली, तरी डाव्या पायातली कळ जायचं नाव घेत नव्हती. शेवटी मुलुंडच्या आमच्या डॉक्टरांनी नवा उपाय सुचवला. पाठीत मणक्याजवळ बारीक तारा सरकवायच्या आणि त्यांतून हलका करंट सोडायचा, म्हणजे दुखण्याचा निरोप मेंदूपर्यंत धड पोचत नाही. आधी आठवडाभर मशीन कमरेला बाहेरून बांधून बघायचं. दुखणं निम्म्यानं उतरलं तर मशीन कायमचं आत बसवायचं, नाहीतर तारा काढून टाकायच्या.

"आत्ता दहापैकी किती दुखतं?" त्यांनी विचारलं.

"पाच," मी म्हणाले.

तारा घातल्यावर मला आंघोळ बंद, वाकणं बंद. बघायला येणाऱ्यांना मात्र मोकळं रान. ट्रॉम्बेच्या अणुकेंद्रातून रिटायर झालेले चौथ्या मजल्यावरचे काका व्होल्टेज विचारून गेले. त्यांच्या बायकोने "मोबाइल जवळ घेऊ नकोस हं" असं बजावलं आणि त्या स्वतःचा मोबाइल माझ्या उशाशी ठेवून दोन तास बसल्या. पण पायात कळेऐवजी नुसत्या मुंग्या होत्या. तिसऱ्या दिवशी मी ओट्याशी उभं राहून सगळ्या पोळ्या लाटल्या. इतका आनंद झाला की डोळे भरून आले.

आठवड्याने डॉक्टरांनी पुन्हा आकडा विचारला.

"तीन."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "पाचाचे तीन. निम्मं नाही झालं ना, मॅडम. तारा काढाव्या लागतील."

परत ती कळ नको होती मला. तरी तोंडातून दुसरा आकडा निघेना.

शेजारी बसलेले आमचे हे मात्र उसळले. "डॉक्टर, हिने तीस वर्षं शाळेत मराठीचे पेपर तपासलेत. निबंधाला दहापैकी सातच्या वर कुणाला दिले नाहीत. पोटच्या मुलीला सहा दिले. हिचे पाच म्हणजे किती, ते विचारा आधी."

खरं होतं ते. जास्त मार्क दिले की पोरं शेफारतात, हा माझा सिद्धांत. तोच मी दुखण्याला लावला होता.

मग मी सांगितलं. रोज सकाळी बाथरूममध्ये नळ सोडून रडायचे, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. बाहेरून हे ओरडायचे, "अगं, नळ बंद कर, टाकी रिकामी होईल."

"मग आधीचं दुखणं किती?" डॉक्टरांनी विचारलं.

"नऊ."

"दहा का नाही?"

"दहा मी कुणालाच देत नाही."

त्यांनी पाचावर काट मारून नऊ लिहिले आणि मशीन आत बसवायचं ठरलं.

घरी आल्यावर हे हातपाय धुवायला म्हणून बाथरूममध्ये गेले. नळ बराच वेळ चालू होता. मी टाकीची आठवण करून दिली नाही.