तीनच फाटे का?

मायक्रोस्कोपखाली पान ठेवून त्यावरच्या केसांचे फाटे मोजायचे, हे माझं काम होतं. त्यात डोळे गुंतलेले असतात, पण कान मोकळे. त्यामुळे तीन वर्षांत माझ्याकडे मोजणीइतकेच किस्सेही जमले. मोजणी मॅडमच्या कॉम्प्युटरवर राहिली, किस्से मी बरोबर घेऊन आले.

माझे मिस्टर एअर फोर्समध्ये. पोस्टिंग चंडीगडला झालं तेव्हा साताऱ्यात बीएस्सी बॉटनी करून मला पंधरा वर्षं झाली होती. मोहालीत, नॉलेज सिटीत, पुण्याच्या एका मॅडमची लॅब होती. त्यांना मोजणीला माणूस हवाय असं कळलं म्हणून गेले. मॅडमनी सर्टिफिकेटं बघितलीच नाहीत. थेट मायक्रोस्कोपसमोर बसवलं आणि काय दिसतंय ते सांगा म्हणाल्या.

मोहरीच्या कुळातल्या एका चिमुकल्या रोपाचं पान होतं. भेंडीच्या पानावर असते तशी लव. पण मोठी करून पाहिली तर प्रत्येक केसाला बुंधा आणि वर फुटलेले फाटे.

"बेचक्यांसारखं दिसतंय," मी म्हटलं. "तीन-तीन फाटे आहेत. एकाला चार."

मॅडम स्वतः वाकून बघायला लागल्या. मग म्हणाल्या, "सोमवारपासून या. आधीच्या दोघांना चौथा दिसलाच नव्हता."

* * *

लॅबमध्ये हरमन नावाचा पीएचडीचा मुलगा होता, संगरूरकडचा. प्रत्येक केस म्हणजे फक्त एक पेशी आणि तिला किती फाटे फुटणार हे जीन्स ठरवतात, हे मला त्यानेच समजावलं. कुठला जीन काय करतो हे कसं कळतं, असं मी विचारलं. तो म्हणाला, जीन बिघडलेलं रोप बघायचं. बरेचदा नावही त्या बिघाडावरूनच पडतं. एका जीनचं नाव काक्टस, म्हणजे निवडुंग. तो बिघडला की केसाला जास्तीचे फाटे फुटतात. म्हणजे त्याचं खरं काम फाटे आवरण्याचं!

घरी येऊन मी हे माझ्या लेकीला, इराला सांगितलं. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत येतं.

"मतलब जो गड़बड़ है, वही नाम?" ती म्हणाली. "फिर तो मेरा नाम मॅथ्स होना चाहिए."

* * *

रोपं सांभाळायला बचनसिंगजी होते. रोज मनीमाजऱ्याहून यायचे. अनेक वर्षं त्यांनी ती रोपं वाढवली होती, पण मायक्रोस्कोपमधून कधी पाहिलं नव्हतं. कुणी 'बघा' म्हटलंच नव्हतं. एका दुपारी मी त्यांना माझ्या खुर्चीवर बसवलं.

ते इतका वेळ बघत राहिले की माझा चहा गार झाला. मग हळूच उठले.

"मॅडम जी, मी यांना आजवर गवत समजून पाणी घालत होतो."

दुसऱ्या दिवसापासून ते रोपांच्या खोलीबाहेर चपला काढायला लागले. मॅडमनी त्याला हरकत घेतली नाही. नंतर हरमनही काढायला लागला.

* * *

हरमनचा सगळा थिसिस एका जीनवर उभा होता. तो बिघडला की केसाला दोनच फाटे येतात, हे त्याला दाखवायचं होतं. मला कुंडीवर फक्त नंबर दिसायचा, रोप कुठलं ते माहीत नसायचं. मोजून झाल्यावर तो यादी घेऊन आला. चेहरा उतरला होता. एका कुंडीत दोन हवे होते, मी तीन लिहिले होते. परत मोजाल का म्हणाला. मोजले. तीनच. डोळे थकले असतील, असं तो अगदी नम्रपणे म्हणाला आणि नंतर आठवडाभर माझ्याशी जेवढ्यास तेवढंच बोलला.

मॅडमनी त्याला त्या रोपाचा डीएनए तपासायला सांगितला. जीन बिघडलेलाच होता. तरी फाटे तीन. आणखी बरेच महिने गेले, मग एका सकाळी तो माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"दीदी, तुम्ही बरोबर होतात. या रोपात आणखी एक जीन बिघडलाय. रोप दोनदा बिघडलंय, म्हणून ठीक दिसतंय."

मी अभिनंदन केलं. तो म्हणाला, तो दुसरा कोण हे शोधायला अजून दोन वर्षं लागतील, आणि हे घरी कसं सांगू तेच कळत नाहीये.

* * *

घरी सांगितल्यावर त्याची आईच आली. थोरला मुलगा कॅनडात, त्याने याचेही कागद तयार ठेवले होते. मुलाला घेऊनच जायचं असं ठरवून ती गावाहून बसने निघाली होती. मॅडमसमोर बसून तिने सगळं शांतपणे सांगितलं. गवतावरचे केस मोजत याची पाच वर्षं गेली, आता पुरे. मॅडमनी वाद घातला नाही. त्या म्हणाल्या, निदान तो काय बघतो ते बघून जा.

मी तिला खुर्ची दिली, चष्मा काढायला सांगितला, फोकस जुळवून दिला. हरमन भिंतीला टेकून उभा होता.

तिने बघितलं. बोटांवर फाटे मोजले. पान सरकवायला सांगून पुढचा केस बघितला, मग त्याच्या पुढचा. मान वर न करता तिने मला विचारलं, "तीन झाल्यावर थांबायचं, हे याला सांगतं कोण?"

मी मॅडमकडे बघितलं. मॅडमनी हरमनकडे बघितलं.

"पूर्ण माहीत नाही, बीजी," तो आईला म्हणाला.

तिने आणखी दोन केस बघितले. चष्मा घातला, पिशवी उचलली, दारापर्यंत गेली आणि वळली.

"मी चारची बस पकडते," ती म्हणाली. "तू पता करके आवीं, पुत्तर."